मांजरांचें आश्रयगृह : दया आणि व्यवस्था

दया हा गुण मनुष्याच्या ठिकाणीं उपजतच असतो, असें आपण लहानपणापासून वाचीत आलों आहों. आणि पावसांत भिजून जिन्याखालीं केविलवाणें ओरडणारें मांजराचें पिलूं पाहिलें म्हणजे त्याची खात्रीही पटते. अशा पिलाला वाटीभर दूध घालावें असें ज्याला वाटत नाहीं असा मुलगा विरळा. परंतु वाटी रिकामी झाल्यावर पुढें काय? रात्रीं तें कोठें निजेल? आजारी पडल्यास त्याला कोण पाहील? वर्ष उलटण्याच्या आंत त्यालाच चार पिलें झालीं म्हणजे त्यांचें काय? हे प्रश्न दयेच्या पहिल्या उमाळ्यांत सुचत नाहींत. आणि ते न सुचल्यामुळेंच पुष्कळशी दया दोन दिवसांत विरून जाते, किंवा ज्या प्राण्यावर ती करावयाची त्यालाच बाधक होते.

ह्या प्रश्नांचें उत्तर शोधण्यासाठीं निरनिराळ्या देशांत सामान्य स्त्रीपुरुषांनीं आपल्या फावल्या वेळांत मांजरांचीं आश्रयगृहें चालविलीं आहेत. तीं कशीं चालतात, कोठें अडतात, आणि तेथून एखादें मांजर आपल्या घरीं आणावयाचें असल्यास काय विचार करावा, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना समजावून द्यावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पांजरपोळ आणि तात्पुरतें घर

निराश्रित प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईत १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मोठा दंगा झाला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ मध्यें, जमशेटजी जिजीभाई प्रभृति धनिकांच्या पुढाकारानें भुलेश्वर भागांत पांजरपोळाची स्थापना झाली. पांजरपोळाचा उद्देश थोर खरा. पण त्याची मूळ कल्पना अशी कीं, जनावर एकदां आंत आलें म्हणजे तें मरेपर्यंत तेथेंच सांभाळावयाचें. म्हाताऱ्या बैलाच्या किंवा भाकड गाईच्या बाबतींत ह्याहून दुसरा मार्ग क्वचितच असतो.

लंडन शहरांत १८६० सालीं मेरी टील्बी नांवाच्या बाईनें जी संस्था काढली, तिच्या नांवांतच एक निराळी कल्पना होती. ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचें तात्पुरतें घर’ असें तें नांव. त्या काळच्या वर्तमानपत्रांनीं तिची थट्टा केली. परंतु संस्था टिकली, १८७१ मध्यें बॅटर्सी ह्या भागांत गेली, आणि १८८३ पासून तिनें मांजरांनाही आंत घेण्यास सुरुवात केली. ‘तात्पुरतें’ हा शब्द लहान, पण मोठ्या अर्थाचा आहे. हें घर प्राण्याच्या आयुष्याचा शेवट नव्हे, तर एका घरापासून दुसऱ्या घराकडे जातांना लागणारी धर्मशाळा आहे, असा त्याचा आशय. ज्या आश्रयगृहाला हा आशय समजला तें टिकतें; ज्याला समजला नाहीं तें आज ना उद्यां आपल्याच ओझ्याखालीं दबून जातें. हें कसें घडतें तें पाहण्यासाठीं हॉलंडमधील एका प्रसिद्ध आश्रयगृहाची हकीकत उपयोगी पडेल.

कालव्यावरील नाव

आम्स्टरडॅम हें कालव्यांचें शहर. तेथील हेरेन्ख्राख्त नांवाच्या कालव्याच्या कांठीं हेन्रिएत फान वेल्डे ह्या बाई राहत असत. १९६६ सालीं त्यांच्या घरासमोर झाडाखालीं एक भाटी आपल्या पिलांसह आसरा शोधीत असलेली त्यांना दिसली. बाईंनीं तिला घरांत घेतलें. मग दुसरें मांजर आलें, तिसरें आलें. बाई मांजरांना ठेवून घेतात ही वार्ता पसरली, तशीं लोक आपण होऊन मांजरें आणून देऊं लागले. घर भरलें, मागली बाग भरली. आतां जागा कोठें शोधावी ह्या विवंचनेंत असतांना त्यांचें लक्ष दारापुढील पाण्याकडे गेलें. त्या शहरांत माणसें नावांवर बिऱ्हाड करून राहतात. मग मांजरांनीं कां राहूं नये? १९६८ मध्यें त्यांनीं मालवाहतुकीचें एक जुनें गलबत विकत घेतलें, आंतील भाग मोकळा करून मांजरांच्या सोयीचा केला, आणि तेंच ‘पूझनबोट’ म्हणजे मांजरांची नाव ह्या नांवानें प्रसिद्धीस आलें. मदतीस स्वयंसेवक येऊं लागले. परंतु तीन वर्षांत तीही जागा अपुरी पडली, व १९७१ सालीं दुसरी नाव घ्यावी लागली.

येथवरची गोष्ट ऐकून बाईंच्या मायाळूपणाचें कौतुक वाटतें. पण विचारी वाचकाच्या मनांत एक शंका येईल : घर भरलें म्हणून नाव, पहिली नाव भरली म्हणून दुसरी, हें कोठवर चालणार? आम्स्टरडॅमचे सगळे कालवे नावांनीं भरले तरी मांजरें संपतील काय? ह्या शंकेचें उत्तर त्या संस्थेच्या पुढील इतिहासांत आहे. १९७९ मध्यें जुन्या गलबताच्या जागीं राहण्यासाठींच बांधलेली नवी नाव आली. १९८७ सालीं ह्या कामाची रीतसर धर्मादाय संस्था झाली. नावेवर येणाऱ्या मांजरांची तपासणी, वंध्यीकरण आणि नोंद होऊं लागली. सिंगेल नांवाच्या कालव्यांत उभ्या असलेल्या ह्या नावेवर एका वेळीं सुमारें पन्नास मांजरें राहूं शकतात. त्यांपैकीं कांहीं म्हातारीं किंवा फार बुजरीं असल्यामुळें कायमचीं राहतात. बाकीचीं चांगल्या घरीं दिलीं जातात. फान वेल्डे बाई २००५ मध्यें वारल्या. परंतु काम थांबलें नाहीं. एका व्यक्तीच्या दयेचें संस्थेच्या व्यवस्थेंत रूपांतर झालें होतें, म्हणून व्यक्ति गेली तरी काम राहिलें.

दोन हिशोब

ही व्यवस्था कां लागते, तें दोन साध्या हिशोबांनीं स्पष्ट होईल. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं ते स्वतः करून पाहावे.

पहिला हिशोब वाढीचा. भाटीचा गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा असतो. ती पांच-सहा महिन्यांची झाली कीं तिला पिलें होऊं शकतात. आणि एका वेळीं चार पिलें होणें ही सामान्य गोष्ट आहे. आतां असें समजा कीं, एका भाटीला वर्षांतून दोनदां चार-चार पिलें झालीं, त्या आठांपैकीं निम्मींच जगलीं, आणि जगलेल्या चारांत दोन माद्या निघाल्या. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एका मांजराचीं ५ झालीं. त्यांत माद्या ३. ह्याच रीतीनें दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस १७ होतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ५३. निम्मीं पिलें मेलीं असें धरूनही हा आंकडा येतो. आणि तीं मेलेलीं पिलें भुकेनें, रोगानें किंवा वाहनांखालीं मेलेलीं असतात, हें विसरतां कामा नये. एका मांजरीचें वंध्यीकरण केल्यानें जेवढें दुःख टळतें, तेवढें शंभर वाट्या दूध घालूनही टळत नाहीं.

दुसरा हिशोब जागेचा. एका आश्रयगृहांत ३० मांजरांपुरती जागा आहे असें समजा. आलेलें प्रत्येक मांजर तेथेंच राहिलें, तर त्या संस्थेनें जन्मभर ३० मांजरांनाच आसरा दिला. प्रत्येक मांजर सरासरी ६० दिवसांनीं नव्या घरीं गेलें, तर त्याच जागेंतून वर्षाला १८० मांजरें सुखरूप पार पडतात. आणि मुक्काम ३० दिवसांवर आणतां आला, तर ३६०. भिंती त्याच, घमेलीं तींच, माणसेंही तींच. म्हणून आश्रयगृहाचा मोठेपणा त्याच्या खोल्यांवरून मोजूं नये. त्याच्या बाहेर जाण्याच्या दारावरून मोजावा. जो मनुष्य विचारपूर्वक एक मांजर घरीं नेतो, तो एका नव्हे, तर दोन मांजरांना आसरा देतो : एक आपल्या घरांत, आणि दुसरें त्यानें मोकळ्या केलेल्या जागेंत.

ह्यावरूनच एक कठोर वाटणारा नियम निघतो. जागा भरली म्हणजे ‘आज घेतां येणार नाहीं’ असें सांगण्याचें धैर्य आश्रयगृहाच्या चालकांस असलें पाहिजे. नाहीं म्हणणें जड जातें. पण तिसांच्या जागेंत साठ मांजरें कोंबलीं, तर रोग पसरतो, अन्न अपुरें पडतें, आणि नव्या तिसांबरोबर जुनीं तीसही संकटांत येतात. मर्यादा पाळणें ही दयेची उणीव नव्हे; तो दयेचा आधार आहे.

आश्रयगृहाची दिनचर्या

आतां असें घर रोज कसें चालतें तें पाहूं. पगारी माणसें थोडीं किंवा मुळींच नसतात. म्हणून सर्व भिस्त स्वयंसेवकांच्या पाळ्यांवर असते. येथें उत्साहापेक्षां नियमितपणाला मोल अधिक. रविवारीं एकदम दहा जण आले आणि सोमवारीं कोणीच आलें नाहीं, तर मांजरांना सोमवारचा उपास घडतो. आठवड्यांतून एकच तास, पण ठरलेल्या वारीं व ठरलेल्या वेळीं न चुकतां देणारा मनुष्य संस्थेचा खरा खांब होय.

सकाळचें पहिलें काम झाडलोटीचें. मांजर हा स्वभावतः स्वच्छ प्राणी आहे. मलमूत्रासाठीं ठेवलेलें वाळूचें घमेलें घाण असेल तर तें दुसरा कोपरा शोधतें, आणि मग लोक मांजराला दोष देतात. जितकीं मांजरें त्याहून एक घमेलें अधिक ठेवावें, असा सर्वमान्य संकेत आहे. सफाईचा क्रमही ठरलेला असतो : प्रथम निरोगी पिलांची खोली, मग मोठ्या मांजरांची, आणि सर्वांत शेवटीं आजारी व नव्यानें आलेल्या मांजरांची. हा क्रम उलटा केला तर सफाई करणाराच रोग वाहून नेतो. फरशी पुसण्यासाठीं फिनॉल असलेलीं द्रव्यें, म्हणजे काळ्या फिनेलसारखीं, वापरूं नयेत. कारण मांजराचें यकृत तें विष पचवूं शकत नाहीं, आणि फरशीवर चाललेलें मांजर आपले पाय चाटून तें पोटांत घेतें. ज्या घरीं मांजर आहे तेथील गृहिणींनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

दुसरें काम अन्नाचें. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-भात असें समीकरण झालें आहे. परंतु मांजर हें पूर्णपणें मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याला अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि तें मांस-मासळींत असतें, धान्यांत नसतें. ह्या द्रव्याच्या अभावीं मांजराचे डोळे जातात हें १९७५ मध्यें, आणि त्याचें हृदय दुबळें होतें हें १९८७ मध्यें संशोधकांनीं दाखवून दिलें. पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना गाईम्हशींचें दूध पचत नाहीं व जुलाब होतात. स्वच्छ पाणी हेंच त्यांचें पेय. कांदा व लसूण त्यांना अपायकारक आहेत. आणि तापावर आपण घेतों ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊं शकते.

तिसरें काम नोंदींचें. प्रत्येक मांजराचें एक कार्ड असतें. तें केव्हां आलें, कोठें सांपडलें, वजन किती, काय खाल्लें, कोणती लस टोंचली, स्वभाव कसा, हें सर्व त्यावर लिहितात. हें काम नीरस वाटेल. पण मांजर आपलें दुखणें लपवितें, आणि तें पुष्कळदां आधीं वजनाच्या आंकड्यांतच दिसूं लागतें. लहान पिलाचें वजन रोज सुमारें दहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढावें. एक दिवस वाढ थांबली कीं जाणत्या स्वयंसेवकाचे कान टवकारतात.

नव्या मांजराला प्रथम दोन आठवडे इतरांपासून वेगळें ठेवावें लागतें. मांजरांना होणारा पॅनल्यूकोपेनिया नांवाचा रोग एका खोलींतील पिलें कांहीं दिवसांत नाहींशीं करूं शकतो, आणि त्याचे विषाणू जागेंत महिनेच्या महिने जिवंत राहतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठराविक अंतरानें लस टोंचणें हाच त्यावर भरंवशाचा उपाय.

एवढें करून भागत नाहीं. मांजराच्या मनाकडेही पाहावें लागतें. अनोळखी जागेंत आलेलें मांजर भेदरतें. तें लपूं पाहतें. पूर्वीं ह्या लपण्याला हट्ट समजत. २०१४ मध्यें उत्रेख्त विद्यापीठांतील संशोधकांनीं एका डच आश्रयगृहांत नव्यानें आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास केला. त्यांपैकीं १० मांजरांना लपण्यासाठीं एकेक खोकें दिलें, ९ जणांना दिलें नाहीं. खोकें मिळालेलीं मांजरें तीन-चार दिवसांतच पुष्कळ शांत झालीं. इतरांना त्याच स्थितीस येण्यास सुमारें दोन आठवडे लागले. एक पुठ्ठ्याचें खोकें, ज्याला पैसा पडत नाहीं, तें प्राण्याचे दहा दिवसांचे हाल वांचवितें. खरी व्यवस्था ही अशी सूक्ष्म असते.

जीं मांजरें घरांत रमत नाहींत

सगळींच मांजरें घरीं देण्याजोगीं नसतात. पिलाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसाचा हात लागला, तर तें सहसा माणसाळतें. तो काळ उघड्यावर गेला, तर तें मनुष्याला जन्मभर भितें. अशा मांजराला खोलींत कोंडणें ही दया नव्हे. त्याच्यासाठीं जगभर एक पद्धति रूढ झाली आहे : पिंजऱ्यानें पकडावें, वंध्यीकरण करावें, रेबीजची लस टोंचावी, ओळख म्हणून कानाचें टोंक किंचित् कापावें, आणि जेथून आणलें तेथेंच नेऊन सोडावें. आपल्या गल्लींत असें कान कापलेलें मांजर दिसलें, तर कोणी क्रूरपणा केला असें न समजतां, कोणी तरी त्याची काळजी घेतली आहे असें समजावें.

रोम शहरांत ह्याचें मोठें प्रेक्षणीय उदाहरण आहे. तेथें तोर्रे अर्जेंतीना नांवाच्या चौकांत १९२९ च्या सुमारास खोदकाम होऊन प्राचीन देवळांचे अवशेष बाहेर आले. इसवी सनापूर्वीं ४४ मध्यें जूलियस सीझरचा वध जेथें झाला, ती जागा हीच. त्या पडक्या खांबांमध्यें मांजरांनीं वस्ती केली. आणि १९९३ च्या सुमारास कांहीं स्वयंसेवक बायांनीं त्यांचें वंध्यीकरण, औषधोपचार व दत्तक देण्याचें काम रीतसर हातीं घेतलें. इटलीच्या १९९१ च्या एका कायद्यानें मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना त्यांच्या जागेवरून हुसकावण्यास बंदी केली आहे. त्या कायद्याचा ह्या कामास आधार झाला.

मांजर दत्तक घेण्यापूर्वीं

दत्तक हा शब्द आपल्या भाषेंत फार गंभीर आहे. दत्तक घेतलेलें मूल परत करतां येत नाहीं. तें घराचें होतें. मांजराच्या बाबतींतही हाच भाव मनांत असावा. मांजर सांभाळलें तर बारा-पंधरा वर्षें जगतें. आज पांचवींत असलेला मुलगा पदवीधर होऊन नोकरीस लागेल, तेव्हांही तें घरांत असेल. म्हणून चांगलें आश्रयगृह मांजर देण्यापूर्वीं प्रश्न विचारतें, आणि पालकांनीं त्याचा राग मानूं नये. घरांतील सर्वांची संमति आहे काय? कोणाला मांजराच्या सहवासानें दम्याचा त्रास होतो काय? घर भाड्याचें असल्यास मालकाची हरकत नाहीं ना? वरच्या मजल्यावर खिडक्यांना जाळी आहे काय? मे महिन्यांत सर्व मंडळी गांवीं गेलीं म्हणजे मांजराला कोण पाहणार? लस व औषध ह्यांचा खर्च झेपेल काय? ह्यांतील एकाही प्रश्नाला उत्तर नसेल, तर थोडें थांबणें हेंच मांजराच्या हिताचें. वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला न कळवितां मांजर आणणें तर अगदीं अयोग्य. खेळणें कपाटांत ठेवतां येतें, मांजर ठेवतां येत नाहीं.

निवड करतांना बहुतेक लोक गोजिरवाण्या पिलाकडे धांवतात, आणि चार-पांच वर्षांचें शांत मांजर महिनोंमहिने तेथेंच बसून राहतें. वस्तुतः ज्या घरीं सर्वजण दिवसभर बाहेर असतात, तेथें वाढलेलें मांजरच अधिक योग्य. त्याचा स्वभाव ठाऊक झालेला असतो. पिलूं घ्यावयाचेंच, तर तें आठ आठवड्यांपेक्षां लहान नसावें, आणि शक्य तर दोन पिलें बरोबर घ्यावीं. तीं एकमेकांशीं खेळतात व घरांतल्या पडद्यांना थोडी विश्रांति मिळते. काळ्या मांजराला तर रंगामुळेंच कोणी नेत नाहीं. मांजर आडवें गेलें म्हणजे काम होत नाहीं असें आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं काळें मांजर वाटेंत भेटणें हा शुभशकुन समजतात. एकाच प्राण्याचा अर्थ समुद्र ओलांडतांच उलटा होत असेल, तर दोष मांजरांत नाहीं, आपल्या समजुतींत आहे, एवढें शाळेंत शिकणाऱ्यांना तरी कळावें.

घरीं आणल्यावर मांजराला पहिले कांहीं दिवस एकाच खोलींत ठेवावें. जवळ पाणी, अन्न, घमेलें आणि तें पुठ्ठ्याचें खोकें असावें. त्याला ओढून बाहेर काढूं नये. तें आपण होऊन येईल. जमलेंच नाहीं, तर मांजर रस्त्यावर न सोडतां आश्रयगृहाकडे परत न्यावें. चांगलीं आश्रयगृहें अशा वेळीं दोष न देतां तें परत घेतात. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं आपल्या देशांत गुन्हाही आहे.

एक नेहमींचा आक्षेप

‘माणसें उपाशी असतां मांजरांवर वेळ व पैसा कां खर्चावा?’ असा आक्षेप पुष्कळदां ऐकूं येतो. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. मांजरांसाठीं दिलेला एक तास माणसांच्या सेवेंतून काढून घेतलेला असतो असें नाहीं. तो बहुधा गप्पांतून किंवा आळसांतून काढलेला असतो. शिवाय वंध्यीकरण व लस ह्यांचा लाभ मांजरांइतकाच गल्लींतील माणसांनाही होतो : रात्रींची ओरड व भांडणें कमी होतात, आणि रेबीजची भीति कमी होते. मांजरें पक्षी मारतात हाही आरोप खोटा नव्हे. पण त्याला उपाय मांजरांना हांकलणें हा नसून, त्यांची संख्या आटोक्यांत ठेवणें आणि पाळलेलें मांजर घरांत ठेवणें हाच आहे.

विद्यार्थ्यांनीं काय करावें

प्रत्येकाला आश्रयगृह काढतां येणार नाहीं, आणि काढूंही नये. पण पुढील गोष्टी कोणत्याही मुलाला किंवा मुलीला करतां येतील.

पहिली गोष्ट, पिलें दिसतांच उचलूं नका. भाटी बहुधा शिकारीस गेलेली असते. कांहीं तास दुरून पाहा. पिलाच्या मानेची कातडी हळूच तोंडांत धरून ती त्याला सुरक्षित जागीं नेते. ह्याच दृश्यावरून आपल्या तत्त्वज्ञांनीं ‘मार्जारकिशोरन्याय’ ही उपमा काढली. चार आठवड्यांच्या आंतील पिलाला आईचीच गरज असते. तिच्याविना त्याला ऊब, दर दोन-चार तासांनीं मांजरांसाठीं तयार केलेलें दूध, व रात्रंदिवस जागणारें माणूस लागतें.

दुसरी, अनोळखी मांजराला हात लावूं नका. चावलें किंवा ओरबाडलें, तर ती जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जा. शिक्षा होईल म्हणून घरीं लपवूं नका. रेबीज एकदां उद्भवला म्हणजे त्याला बहुधा इलाज नाहीं.

तिसरी, आपल्या वाड्यांत किंवा इमारतींत वावरणाऱ्या मांजरांची एक यादी करा : किती आहेत, माद्या किती, कोणाचा कान कापलेला आहे. ही यादी घेऊन वडीलधाऱ्या माणसांसह जवळच्या पशुवैद्यांना भेटा. शेजाऱ्यांनीं थोडी थोडी वर्गणी काढली, तर एकेका मांजरीचें वंध्यीकरण होऊन जातें. वर वर्णिलेला ५३ चा आंकडा तेथल्या तेथें खुंटतो.

चौथी, जवळपास आश्रयगृह असल्यास पालकांच्या परवानगीनें जुने पंचे, वर्तमानपत्रें व खोकीं गोळा करून द्या. तेथील मांजरांचीं नीटस वर्णनें लिहिण्याचें कामही ज्याला चांगलें मराठी येतें त्याला करतां येईल. ‘गरीब बिचारें मांजर’ असें न लिहितां, ‘तीन वर्षांची भाटी, शांत, खिडकींत बसणें आवडतें, लहान मुलांना जरा भिते’ असें खरें व नेमकें लिहिलें, तर तिला योग्य घर लवकर मिळतें. आणि हिशोबांत आपण पाहिलेंच आहे कीं, मुक्कामाचा एकेक दिवस कमी होणें म्हणजे दुसऱ्या कोणासाठीं जागा मोकळी होणें.

विद्यार्थिमित्रहो, दयेचा पहिला उमाळा ही आपल्या मनाची संपत्ति आहे. ती उधळूं नका, पण नुसती उमाळ्यावरही विसंबूं नका. वाटीभर दूध घालण्यास एक क्षण पुरतो. ठरलेल्या वारीं जाऊन घमेलें धुणें, कार्डावर वजन लिहिणें, जागा नसतांना नाहीं म्हणणें, आणि घरीं आणलेल्या जिवाला पंधरा वर्षें आपलें म्हणणें, ह्याला चिकाटी लागते. जो मुलगा एका मुक्या प्राण्याच्या बाबतींत ही चिकाटी शिकला, त्याची दया पुढें माणसांच्याही उपयोगी पडेल, ह्यांत संशय नाहीं.